कॉलेज जलतरण प्रशिक्षकांची माहिती देणारी सल्लासेवा: आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

माझा मुलगा दोनशे यार्ड बटरफ्लाय पोहतो आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेली मुलगी एक मीटर व तीन मीटर स्प्रिंगबोर्डवरून डायव्हिंग करते. दोघांनाही अमेरिकेतल्या कॉलेज संघात जायचे आहे. मुलासाठी कॉलेज निवडण्याची वेळ आली तेव्हा आम्ही एका सल्लासेवेचे वर्षभराचे सदस्यत्व घेतले, त्याला आता आठ महिने झाले. या सेवेचे नाव मी लिहीत नाही, कारण तिच्या काही उणिवा मला स्पष्टपणे मांडायच्या आहेत आणि त्या उणिवा या व्यवसायातल्या इतरांनाही लागू पडतील असा माझा अंदाज आहे. ज्या पालकांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी तिच्याकडून काय मागावे, हे त्यांना कळावे एवढाच माझा हेतू आहे.

सेवा घेण्यामागचे कारण आधी सांगते. मुलाच्या क्लबचे प्रशिक्षक स्वतः पूर्वी एका कॉलेजात सहायक होते. आम्ही त्यांना कॉलेजांची यादी दाखवली तेव्हा त्यांनी संघांच्या क्रमवारीकडे पाहिलेही नाही. प्रत्येक नावापुढे त्यांनी एकच प्रश्न पेन्सिलीने लिहिला : "इथे डेकवर (तलावाच्या काठावर) कोण आहे, आणि कधीपासून?" चौदा नावांपैकी अकरा नावांपुढे आम्हाला उत्तर देता आले नाही. मुख्य प्रशिक्षकाचे नाव आम्हाला ठाऊक होते; परंतु बटरफ्लायच्या मुलांकडे रोज पहाटे प्रत्यक्ष कोण पाहते, ती व्यक्ती त्या नोकरीत किती वर्षे आहे, त्याआधी कुठे होती आणि पुढे कुठे जाण्याची शक्यता आहे, यातले काहीच ठाऊक नव्हते. ही सेवा आम्ही घेतली ती याच माहितीसाठी, कारण "प्रशिक्षकांची संपूर्ण कारकीर्द एका पानावर" हे तिचे मुख्य आश्वासन होते.

सेवेचे तीन भाग आहेत. पहिला भाग वेळांच्या तुलनेचा. पन्नास मीटरच्या तलावातल्या वेळा कॉलेजच्या पंचवीस यार्डांच्या तलावासाठी रूपांतरित करून त्या एखाद्या संघात कुठे बसतील, हे तो सांगतो. हे काम इतर अनेक ठिकाणी फुकट होते आणि इथेही ते तितकेच ठीक होते, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. दुसरा भाग प्रशिक्षकांच्या नोंदपत्रांचा आणि तिसरा सल्लागाराशी महिन्यातून एकदा होणाऱ्या संभाषणाचा. पैसे द्यायचे ते या दोन भागांसाठी.

नोंदपत्र उघडले की वरच्या बाजूला प्रशिक्षकाचे नाव व सध्याचे पद, त्याखाली वर्षांची आडवी पट्टी, आणि त्या पट्टीवर प्रत्येक नोकरीचा एक रंगीत तुकडा दिसतो. एखाद्या तुकड्यावर बोट ठेवले की त्या काळात तिथे मुख्य प्रशिक्षक कोण होते आणि ती व्यक्ती गेल्यावर त्या जागी कोण आले, हे दिसते. माझ्या मते या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. एक जागा रिकामी झाली की तिच्यापाठोपाठ दुसऱ्या गावात दुसरी जागा रिकामी होते, आणि या साखळीत कुठेतरी आपले मूल उभे असते, हे त्या पट्ट्या एकाखाली एक ठेवल्याशिवाय माझ्या ध्यानात आले नसते.

टेक्सास विद्यापीठाचे उदाहरण पाहा. एडी रीस १९७८ मध्ये ऑबर्न विद्यापीठातून तिथे आले आणि २०२४ पर्यंत राहिले. या काळात त्यांच्या पुरुष संघाने एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेची) १५ सांघिक विजेतेपदे मिळवली. पहिले १९८१ मध्ये आणि शेवटचे २०२१ मध्ये. त्यांची पट्टी म्हणजे जवळजवळ एकच लांबलचक तुकडा आहे. १९९५ मध्ये त्यांच्याकडे गेलेल्या मुलाला चार वर्षांनंतरही तेच प्रशिक्षक असणार याची खात्री बाळगता आली असती आणि ती खरीही ठरली असती. परंतु अशा दीर्घ कारकिर्दीचा शेवट जवळ आला की ती खात्री उरत नाही. रीस यांनी २०२१ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि त्याच उन्हाळ्यात ती मागे घेतली. त्या काही महिन्यांत टेक्साससाठी मन बनवलेल्या मुलांच्या घरांत काय चालले असेल, याचा मी आता निवडीच्या त्याच टप्प्यावर असलेली आई म्हणून विचार करते.

नोंदपत्राची खरी उपयुक्तता त्याच्या पुढच्या घटनांत दिसते. मार्च २०२४ मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठाने पुरुषांचे पहिले विजेतेपद मिळवले. संघात फ्रान्सचा नामवंत जलतरणपटू लिओं मार्शां होता आणि प्रशिक्षक होते बॉब बोमन, ज्यांनी मायकल फेल्प्सला लहानपणापासून घडवले. ते विजेतेपद मिळाल्यानंतर काही दिवसांतच बोमन टेक्सासला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेल्याचे जाहीर झाले. अॅरिझोना स्टेटची सूत्रे त्यांचेच सहायक हर्बी बेम यांच्याकडे आली. अॅरिझोना स्टेटमधला हंगेरीचा ह्युबर्ट कोश हा खेळाडूही बोमन यांच्यामागे टेक्सासला गेला आणि २०२५ मध्ये टेक्सासने विजेतेपद मिळवले. या साऱ्यात कुणी काही गैर केले असे मुळीच नाही. प्रशिक्षकाला आपल्या कारकिर्दीचा विचार करण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण कोशसारख्या ऑलिंपिक दर्जाच्या खेळाडूला प्रशिक्षकामागे जाता येते. संघातल्या विसाव्या किंवा पंचविसाव्या क्रमांकाच्या मुलाला ते सहसा शक्य नसते. आमचा मुलगा याच दुसऱ्या गटातला आहे. म्हणून कारकिर्दीची ही पट्टी जितकी नामवंत जलतरणपटूंच्या पालकांना, त्याहून अधिक आम्हाला लागते.

आता उणिवांकडे वळते, कारण त्यांतली पहिली फार मूलभूत आहे. "प्रशिक्षकाचा कालावधी" या रकान्यात सेवा केवळ मुख्य प्रशिक्षकपदाची वर्षे मोजते. याचा परिणाम काय होतो हे अँथनी नेस्टी यांच्या नोंदीवरून लक्षात येईल. सुरिनामचे नेस्टी यांनी १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर बटरफ्लायमध्ये मॅट बिआँडी यांना एक शतांश सेकंदाने मागे टाकून सुवर्णपदक मिळवले, ते फ्लोरिडा विद्यापीठासाठी पोहले, आणि तिथेच जवळपास दोन दशके सहायक म्हणून राहिल्यानंतर २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. सेवेच्या रकान्यात त्यांचा कालावधी २०१८ पासून सुरू होतो. ज्या माणसाने एकाच तलावाच्या काठावर आयुष्याचा एवढा मोठा भाग काढला, तो या हिशेबात जणू कालपरवा आलेला ठरतो. याउलट, टॉड डिसोर्बो यांच्यासारख्यांची गोष्ट आहे. ते नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये सहायक होते, २०१७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या महिला संघाने २०२१ पासून २०२५ पर्यंत सलग पाच विजेतेपदे मिळवली. त्यांच्या पहिल्या वर्षी जर एखाद्या पालकाने सेवेचा हा रकाना पाहिला असता तर तिथे शून्य दिसले असते, आणि हाताशी आलेली उत्तम संधी त्या शून्याकडे पाहून कदाचित सोडून दिली गेली असती.

सहायक प्रशिक्षकाची वर्षे न मोजणे ही केवळ आकड्यांची चूक नाही. कॉलेजच्या जलतरणात मुलांचा रोजचा संबंध बहुधा सहायकांशीच येतो. पहाटेचा सराव, व्यायामशाळेतले वेळापत्रक, पाण्याखालच्या चित्रफिती, नवीन मुलांशी फोनवर बोलणे, प्रवासाची तिकिटे, उन्हाळी शिबिरे ही सगळी कामे त्यांच्याकडे असतात. बहुतेक जण दोन-तीन वर्षे एका गावी, मग दुसऱ्या राज्यात, असे पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरत असतात, कारण वरचे पद मिळवण्याचा तोच मार्ग आहे. एनसीएएचे नियम दहावीनंतरच्या १५ जूनपासून डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, कॉलेजांच्या प्रशिक्षकांना मुलांशी थेट संपर्क साधू देतात. त्या दिवशी ज्या सहायकाचा पहिला फोन येतो, तोच सहायक मूल दोन वर्षांनी कॉलेजात पोहोचेपर्यंत तिथे असेल की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे. आमच्याकडे मुलाला अगदी आपुलकीने फोन करणारे एक सहायक होते. तीन महिन्यांनी त्यांनी स्वतःच कळवले की ते दुसऱ्या कॉलेजात जात आहेत. मुलगा दोन दिवस गप्प होता. सेवेच्या नोंदपत्रात त्यांच्या आधीच्या चार नोकऱ्या नीट दिसत होत्या, प्रत्येकी दोन वर्षांच्या; त्या मी पाहिल्या होत्या, पण त्यातून काय वाचायचे हे तेव्हा मला उमगले नव्हते. इथे सेवेने मदत करायला हवी होती. नोंदी मांडणे आणि त्या वाचायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्या चार महिन्यांत सेवेने फक्त पहिले केले.

दुसरे काम अखेर सल्लागारांनी केले. आम्हाला मिळालेले सल्लागार स्वतः अठरा वर्षे कॉलेज प्रशिक्षक होते. व्हिडिओवरच्या पहिल्या भेटीत त्यांच्या मागच्या भिंतीवर पाच स्टॉपवॉच टांगलेली दिसली, प्रत्येकाची दोरी निराळ्या रंगाची. मुलाने त्याबद्दल विचारले. त्यांनी एकेक घड्याळ खुंटीवरून काढून कॅमेऱ्यासमोर धरले. निळी दोरी स्वयंसेवक प्रशिक्षक म्हणून काढलेल्या दोन वर्षांची : कॉलेजकडून पगार नव्हता, म्हणून ते दुपारी जीवरक्षकाचे काम करत आणि संध्याकाळी क्लबच्या लहान मुलांना शिकवत. लाल, हिरवी आणि काळी दोरी तीन कॉलेजांतल्या सहायकपदांची. पिवळी दोरी एका लहान कॉलेजातल्या मुख्य प्रशिक्षकपदाची. त्या घड्याळाचे बटण आत दबून बसले होते. ते बंद पडल्यावरही आपण ते टाकले नाही, असे सांगून त्यांनी ते पुन्हा खुंटीवर लावले. तो संघ पुढे कॉलेजने बंद केला होता.

त्यांनी स्वयंसेवक प्रशिक्षकांबद्दल जे सांगितले ते सेवेच्या नोंदपत्रांत कुठेही नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवते. अनेक वर्षे एनसीएएच्या नियमानुसार डिव्हिजन वनच्या संघांना ठरावीक संख्येचेच पगारी प्रशिक्षक ठेवता येत. त्यांशिवाय काम करणारा प्रशिक्षक स्वयंसेवक असे आणि त्याला कॉलेज त्या कामाचा पगार देऊ शकत नसे. या व्यवसायात शिरणाऱ्या असंख्य तरुणांची उमेदवारी अशीच झाली. १ जुलै २०२३ पासून हे पद रद्द झाले आणि अशा प्रशिक्षकांना पगारी सहायक म्हणून नेमणे कॉलेजांना शक्य झाले. सेवेची नोंदपत्रे मात्र पगारी पदांवरच आधारलेली असल्यामुळे आज तिशीत असलेल्या अनेक प्रशिक्षकांच्या पट्टीवर सुरुवातीची दोन-तीन वर्षे कोरी दिसतात. मी प्रथम त्या कोऱ्या जागांचा अर्थ "या काळात पोहण्याशी संबंध नव्हता" असा घेतला होता. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. पदरचे पैसे घालून ज्यांनी शिकण्याची सर्वांत खडतर वर्षे काढली, त्यांचीच ती वर्षे इथे पुसली गेली आहेत, आणि ही चूक सेवेने तातडीने दुरुस्त करावी असे मला मनापासून वाटते.

संघ बंद होण्याचा धोका ही बाब सेवेने चांगली हाताळली आहे. प्रत्येक कॉलेजच्या नोंदीत गेल्या काही वर्षांत तिथे कोणते खेळ बंद झाले, तलाव कॉलेजच्या मालकीचा आहे की भाड्याचा, आणि पुरुष व महिला संघांचे प्रशिक्षक एकच आहेत की वेगळे, हे दिलेले असते. आमच्या सल्लागारांनी हा भाग वाचायला लावला तेव्हा आयोवा विद्यापीठाची नोंद उघडली गेली. तिथे डेव्हिड आर्मब्रस्टर १९१७ पासून चार दशकांहून अधिक काळ प्रशिक्षक होते. त्यांनी आणि त्यांच्या जॅक सीग या जलतरणपटूने १९३० च्या दशकात हातांची फुलपाखरासारखी फेक आणि डॉल्फिनसारखा पायांचा मार यांची जी सांगड घातली, त्यातून माझा मुलगा आज पोहतो ती शैली आकाराला आली. त्याच विद्यापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये जलतरण व डायव्हिंगचे संघ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. न्यायालयीन लढाईनंतर २०२१ मध्ये महिला संघ परत आला, पुरुष संघ आला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मिशिगन स्टेटने दोन्ही संघ बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि मार्च २०२५ मध्ये कॅल पॉलीनेही तसेच केले. १९८२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या यूसीएलएचा पुरुष संघ १९९४ मध्ये बंद झाला होता, म्हणजे विजेतेपदही संरक्षण देत नाही. मुलगा ती नोंद दोनदा वाचून म्हणाला, "आई, मग त्या सरांचं काय झालं?" संघ बंद झाला की खेळाडूंना निदान दुसऱ्या कॉलेजात जाण्याचा मार्ग असतो, प्रशिक्षकाला मात्र त्याच वर्षी नोकरी शोधणाऱ्या इतरांशी स्पर्धा करावी लागते, आणि पुरुष संघांच्या जागा तर मुळातच कमी झालेल्या असतात. सेवेने बंद झालेल्या संघांच्या प्रशिक्षकांची पुढची वाटचालही जपून ठेवली आहे : कुणी क्लबकडे गेले, कुणी शाळेत शिकवू लागले, कुणी पुन्हा सहायक झाले. हे वाचताना या व्यवसायाबद्दलचा माझा आदर वाढला.

कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या 'हाऊस' खटल्यातल्या तडजोडीनंतरचे बदलही नोंदपत्रांत लवकर आले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ती तडजोड मंजूर केली. त्याआधी डिव्हिजन वनच्या पुरुष संघाला ९.९ आणि महिला संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती; प्रशिक्षक त्या तुकड्यातुकड्यांनी वाटत असत. तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आता शिष्यवृत्त्यांऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आहे. प्रशिक्षकाचे कसब आता वेगळ्या ठिकाणी लागते. पूर्वी तो थोड्या पैशांत मोठा संघ उभा करत असे आणि चार वर्षांत हळूहळू सुधारणाऱ्या मुलाला सांभाळून घेऊ शकत असे. आता मोजक्या जागांवर लगेच गुण मिळवणारे खेळाडू शोधण्याचा दबाव त्याच्यावर आहे. सेवेत याचा उपयुक्त परिणाम दिसतो : एखाद्या प्रशिक्षकाकडे आलेल्या मुलांच्या वेळा पहिल्या वर्षापासून चौथ्या वर्षापर्यंत किती सुधारल्या, याचा आलेख नोंदपत्रात असतो. हा आलेख प्रशिक्षकाच्या जुन्या नोकऱ्यांतलाही दिसतो. आमच्या निवडीत सर्वाधिक वजन याच आलेखाला मिळाले.

डायव्हिंगच्या बाबतीत मात्र सेवेने माझी पूर्ण निराशा केली आहे. ज्या कॉलेजांची जलतरण प्रशिक्षकांची नोंदपत्रे चार-चार पानांची आहेत, तिथे डायव्हिंग प्रशिक्षकाचे फक्त नाव आहे, काही ठिकाणी तेही नाही. हे दोन खेळ एकाच संघाच्या नावाखाली आणि एकाच गुणफलकावर येतात, पण त्यांच्या प्रशिक्षकांची घडण पूर्णपणे निराळी असते. बहुतेक संघांत डायव्हिंगचा प्रशिक्षक एकटाच असतो. त्याला सहायक नसतो, कित्येक ठिकाणी त्याची नोकरी अर्धवेळ असते, आणि त्याच फळ्यांवर संध्याकाळी मुलांचा क्लब चालवून तो आपले उत्पन्न पुरे करतो. एनसीएएच्या अंतिम स्पर्धेत संघाची संख्या मोजताना डायव्हर अर्धा धरला जातो, आणि तिथे पोहोचण्यासाठी त्याला झोन स्पर्धेतून (विभागीय पात्रता फेरीतून) जावे लागते. त्याच्या प्रशिक्षकाची यशस्विता जलतरणाच्या वेळांसारख्या तक्त्यांत सापडत नाही. ती डायव्हच्या यादीत सापडते : मुलगी पहिल्या वर्षी कोणत्या काठिण्याच्या डायव्ह घेऊन आली आणि तिसऱ्या वर्षी कोणत्या करू लागली.

एकच प्रशिक्षक जाण्याचा परिणामही इथे अधिक खोल असतो. जलतरणात सहायक गेला तरी उरलेले चार जण सराव चालू ठेवतात. डायव्हिंगमध्ये प्रशिक्षक गेला की फळीखाली उभे राहून "आता उघड" असे सांगणारा आवाजच जातो. माझी मुलगी मागे झेप घेऊन आत वळणाऱ्या डायव्हच्या वेळी पाणी पाहत नाही, ती त्या आवाजावर शरीर उघडते; दीड वर्ष तिने त्या आवाजाची सवय केली आहे. नवीन माणसाच्या हाकेवर तीच उडी मारायला तिला आठवडे लागले होते, आणि त्या काळात तिच्या मांड्यांवर उठलेले लाल वळ मी पाहिले आहेत. म्हणून डायव्हिंगच्या पालकाला प्रशिक्षकाची कारकीर्द जाणून घेण्याची गरज जलतरणाच्या पालकाहून कमी तर नाहीच.

अशा कारकिर्दींची माहिती जमवणे अशक्य आहे, असेही नाही. इंडियाना विद्यापीठात जेम्स काउन्सिलमन १९५७ ते १९९० मुख्य प्रशिक्षक होते आणि १९६८ ते १९७३ अशी सलग सहा विजेतेपदे त्यांनी मिळवली, हे सेवेच्या ऐतिहासिक विभागात सविस्तर आहे. त्यांच्याच शेजारी १९५९ पासून तीन दशके डायव्हिंग शिकवणारे होबी बिलिंग्स्ली यांचा मात्र तिथे उल्लेखही नाही. पर्ड्यू विद्यापीठात अॅडम सोल्दाती २००५ मध्ये डायव्हिंगचे प्रशिक्षक झाले. ऑलिंपिक विजेता डेव्हिड बुडाया त्यांच्याच हाताखाली घडला. एवढी ठळक, सार्वजनिक माहिती ज्या सेवेत नाही, तिने आपल्या नावात डायव्हिंग हा शब्द ठेवू नये असे मी त्यांना लेखी कळवले.

याच भागात आमच्या बाबतीत प्रत्यक्ष चूकही झाली. मुलीसाठी सुचवलेल्या सहा कॉलेजांपैकी एका ठिकाणचे डायव्हिंग प्रशिक्षक जवळजवळ वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेले होते. आम्ही त्या कॉलेजला अनौपचारिक भेट देण्यासाठी पाच तास गाडी चालवत गेलो. तलावावर पोहोचल्यावर एका विद्यार्थिनीने आम्हाला सांगितले की सध्या जलतरणाच्याच एका सहायकाकडे डायव्हर्सची हजेरी आहे आणि नवीन नेमणूक व्हायची आहे. मुलगी कोरड्या फळीकडे पाहत उभी राहिली. सेवेला कळवल्यावर नऊ दिवसांनी नोंद दुरुस्त झाली आणि त्यांनी त्या महिन्याचे शुल्क परत केले. त्यांचे वागणे सौजन्याचे होते हे मान्य करते. तरीही वर्षाला सुमारे सहाशे डॉलर घेणाऱ्या सेवेकडून एका माणसाची नोकरी चालू आहे की नाही, एवढे तपासण्याची अपेक्षा ठेवणे जास्त नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकली. प्रशिक्षकांविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाया नोंदपत्रांत नाहीत. अमेरिकेत खेळाडूंवरील अत्याचाराच्या तक्रारींची चौकशी करणारे सेफस्पोर्ट केंद्र २०१७ पासून काम करत आहे आणि त्याची कारवाई झालेल्या व्यक्तींची यादी कुणालाही पाहता येते. प्रत्येक नोंदपत्रावर त्या यादीचा दुवा देणे फार सोपे आहे. कारकीर्द सांगायची तर ती पूर्ण सांगावी. विजेतेपदे ठळक आणि चौकशी वगळलेली, अशी कारकीर्द पालकांच्या कामाची नाही. तसेच मुख्य प्रशिक्षक स्त्री असलेली कॉलेजे निवडण्याची सोय सेवेत नाही. डिव्हिजन वनमध्ये ही पदे भूषवणाऱ्या स्त्रिया अजून थोड्या आहेत, टेक्सासच्या महिला संघाच्या कॅरल कॅपिटानी २०१२ पासून आहेत, पण माझ्या मुलीने हा प्रश्न स्वतःहून विचारला होता आणि मला एकेक पान उघडून उत्तर शोधावे लागले.

ही सेवा कुणी घ्यावी? ज्यांचे मूल जलतरणपटू आहे, ज्यांच्या यादीत दहाहून अधिक कॉलेजे आहेत आणि ज्यांच्या क्लबमध्ये कॉलेजचा अनुभव असलेले प्रशिक्षक नाहीत, त्यांना ही सेवा पैशांचा पुरेपूर मोबदला देईल. मात्र सल्लागाराशी पहिली भेट सदस्यत्व घेतल्या आठवड्यातच ठरवावी, आमच्यासारखी चौथ्या महिन्यापर्यंत लांबवू नये. डिव्हिजन थ्री या एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजांच्या नोंदी मला विशेष आवडल्या. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे प्रशिक्षक कसा आहे हाच निवडीचा मोठा भाग उरतो, आणि केनियनसारख्या कॉलेजात, जिथे पुरुष संघाने १९८० ते २०१० सलग ३१ विजेतेपदे मिळवली, तिथल्या प्रशिक्षकांच्या पट्ट्या किती शांतपणे लांबत जातात हे पाहण्यासारखे आहे. डायव्हिंगसाठी मात्र आज तरी मी ही सेवा कुणाला सुचवणार नाही.

मुलाची निवड नोव्हेंबरमध्ये झाली. शेवटच्या दोन कॉलेजांपैकी एकाच्या मुख्य प्रशिक्षकांना त्याने, सल्लागारांनी सांगितल्याप्रमाणे, अंगावर घेतलेला टॉवेल मुठीत घट्ट धरून विचारले की आपण इथे आणखी किती वर्षे राहाल. ते थोडा वेळ थांबले. आपला करार तीन वर्षांचा आहे आणि मुलाला चार वर्षे काढायची आहेत, हे त्यांनी सांगितले; आपण जाण्याच्या विचारात नाही, पण वचन देणे योग्य ठरणार नाही, असेही म्हणाले. मग त्यांनी बटरफ्लायच्या मुलांकडे पाहणाऱ्या सहायकांना बोलावून घेतले, जे तिथे अकरा वर्षे होते आणि ज्यांची मुले त्याच गावातल्या शाळेत जात होती. सेवेच्या रकान्यात त्या सहायकांचा कालावधी आजही रिकामा आहे. मुलाने तेच कॉलेज निवडले.

गेल्या आठवड्यात मुलीच्या खात्यात एका डायव्हिंग प्रशिक्षकांचे पहिले पूर्ण नोंदपत्र दिसले. तीन नोकऱ्या, प्रत्येक नोकरीतल्या डायव्हर्सच्या डायव्हच्या याद्या, आणि सुरुवातीला "स्वयंसेवक" असा शब्द लिहिलेली दोन वर्षे. पुढच्या वर्षाचे सदस्यत्व घ्यायचे की नाही हे आम्ही अजून ठरवलेले नाही. तशी आणखी पाच नोंदपत्रे मार्चपर्यंत आली तर घेऊ, असे मी सल्लागारांना कळवले आहे.